खाऱ्या विहिरीवरचा मका

कोरेगाव,
१४ मे २०२३

ती. ताईस नमस्कार.

फोनवर आपलं जमत नाही, म्हणून पलटणीत असताना लिहायचो तसं लिहितोय. पत्रात तुला मध्येच बोलता येणार नाही, हा एक फायदा.

सोबत हक्कसोड पत्र आहे. वकिलाकडून टाइप करून घेतलंय. पेन्सिलीने फुल्या मारल्यात तिथे सह्या कर. पुढे एकदा निबंधकाच्या कचेरीत यावं लागेल, त्या दिवशी तुझा भाचा शिवतेज गाडी घेऊन येईल. आबांना जाऊन तीन वर्षं झाली, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे, हे बरं दिसत नाही. दोन्ही आत्यांनी आबांना सही दिली होती. धाकट्या आत्याने तर काय लिहिलंय हेसुद्धा विचारलं नव्हतं.

भावाने द्यायची साडीही पाठवली आहे. तुझ्या भावजयीने निवडली, रेश्माने. मोरपंखी इरकल आहे.

तुला रिकाम्या हाताने पाठवतोय असं समजू नकोस. कवठे महांकाळची सहा एकर, आबांनी त्यांच्या दोस्ताकडून घेतलेली, ती तुझ्याकडे राहील. तिथलं पाणी इतकं खारट की तोंडात धरवत नाही. मका सोड, कुसळसुद्धा यायचं नाही. पण बहिणीच्या नावावर काहीतरी असावं, मान म्हणून.

पंधरवड्यात सह्या करून पाठव. बाकी सर्व ठीक.

विश्वजीत


सांगली,
२२ मे २०२३

चि. विशू, अनेक आशीर्वाद.

पत्र आणि कागद दोन्ही वाचले. दोनदा वाचले, कारण पाचगणीला सिस्टर ॲग्नेसनी आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे वाचल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. तुझ्या वकिलाने माझं नाव दोन ठिकाणी चुकवलंय आणि ‘राजीखुशीने’ हा शब्द चार वेळा घातलाय. इतकी राजीखुशी लग्नातसुद्धा नसते.

मी सही करणार नाही.

आत्यांचं उदाहरण देऊ नकोस. धाकट्या आत्याने काही विचारलं नाही, कारण तिला वाचता येत नव्हतं. तिचा अंगठा आबांनी आपल्या हाताने धरून टेकवला. मी शेजारी उभी होते, अकरा वर्षांची. तू अंगणात गोट्या खेळत होतास. त्या दुपारी आत्या नवी साडी नेसली आणि न जेवता सासरी गेली, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

आबांनी मला कॉन्व्हेंटात घातलं आणि तुला गावच्या शाळेत ठेवलं. ‘तिला शिक्षण, मला जमीन’ अशी वाटणी तू मनातल्या मनात कधीच करून टाकली आहेस. पण बाबा रे, मी शिकले म्हणून तुझा एक गुंठाही कमी झालेला नाही.

आता त्या सहा एकरांबद्दल. ज्यात कुसळ येत नाही ते बहिणीला मान म्हणून द्यायचं, ही रीत तू कुठून आणलीस? एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेत लोकांचं पाणी तपासलं. खारं पाणी म्हणजे काय, ते मला तुझ्यासारख्या सुभेदार मेजरांनी शिकवायची गरज नाही.

तूच मक्याचं नाव काढलंस, तर मकाच. येत्या पाडव्याच्या आत मी त्या विहिरीच्या पाण्यावर मका काढून दाखवते. काढला, तर तू स्वतः तलाठ्याकडे जाऊन कोरेगावच्या सातबाऱ्यावर तुझ्या नावाशेजारी माझं नाव लावायचंस. नाही काढला, तर तुझ्या सगळ्या फुल्यांवर सह्या करीन, चुकलेल्या स्पेलिंगसकट. कागद माझ्याकडेच ठेवते.

साडी छान आहे. रेश्माला सांग. तिचा यात दोष नाही.

प्रियदर्शनी


कोरेगाव,
३ जून २०२३

ती. ताईस,

मंजूर. शिवतेज आणि रेश्मा साक्षीला. नंतर मागे फिरायचं नाही.

चौसष्ट वर्षांची बाई, हातात कधी खुरपं धरलं नाही, कुंडीतलं तुळशीचं रोपसुद्धा बदलीच्या गावी न्यायला विसरायची, ती मका काढणार. शिवतेज दोन दिवस हसतोय. मी हसलो नाही. मला लय वाईट वाटलं. उन्हाने चक्कर येऊन पडलीस तर लोक मलाच विचारतील.

तरी मोठ्या मनाने मदत पाठवतोय. शिवतेज येत्या शनिवारी खताच्या आठ बॅगा उतरवून जाईल, चार पोटॅश, चार दहा-सव्वीस-सव्वीस. आमच्या उसाला हेच घालतो. आमचं खालचं रान बघ, आबांपासून चाळीस वर्षांत पाट कधी सुका पडू दिला नाही. पाणी आणि खत, शेतीत तिसरं काही नसतं.

विश्वजीत


कवठे महांकाळजवळ, विहिरीवर,
२८ जून २०२३

चि. विशू,

आठही बॅगा त्याच गाडीने परत पाठवल्या, हे तुला कळलं असेलच. शिवतेजचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. राग मानू नकोस, कारण ऐक. तुझ्या पोटॅशमध्ये क्लोराइड असतं. माझ्या विहिरीत ते आधीच भरपूर आहे. इथल्या एका लिटर पाण्यात दोन ग्रॅमच्या वर क्षार आहेत, मी स्वतः मोजले. आमटी आधीच खारट झाल्यावर तू मला मिठाचा डबा पाठवतोयस.

सांगलीचा फ्लॅट बंद करून मी इथे राहायला आले. विहिरीवरच्या दोन खोल्यांना रंग दिला. शेजारी तानुबाई आणि तात्याबा राहतात. त्यांची सत्तर मेंढरं आहेत आणि माझ्या बांधाला लागून चार एकर. पहिल्या दिवशी तानुबाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “बाई, तुमी मोजणीच्या हापिसातल्या का?” मी म्हटलं, नाही, मी शेती करायला आले. तर नवऱ्याला हाक मारून म्हणाली, “आवं, जरा हिकडं या, ह्या बाईंचं काय म्हणनं हाय ते ऐका तरी.”

खताचा प्रश्न सुटला. इथली मेंढपाळांची पद्धत तुला माहीत असेल, मला नव्हती. पेरणीआधी मेंढरं रानात बसवतात आणि त्या बदल्यात शेतकरी जोंधळा देतो. मी दोन एकरांत आठ दिवस बसवली. शिवाय तात्याबाकडचं दोन वर्षं कुजलेलं लेंडीखत सहा गाड्या पसरलं. हे पीक पोसायला तर आहेच, पण मुख्य म्हणजे जमीन पोकळ राहायला. जमीन पोकळ असली की पाणी खाली जातं आणि जाताना क्षार घेऊन जातं. हे मी पुस्तकात वाचलेलं आहे. तानुबाईने ते हातात ढेकूळ चुरून दाखवलं.

पाऊस अजून नाही. मी थांबणार नाही.

प्रियदर्शनी


विहिरीवर,
९ ऑगस्ट २०२३

चि. विशू,

पेरणी जुलैच्या आठ तारखेला झाली. दोरी धरून, एका रेषेत. सगळं व्यवस्थित आहे. कामाची घाई, म्हणून आवरतं घेते.

प्रियदर्शनी


कोरेगाव,
२० ऑगस्ट २०२३

ती. ताईस,

‘सगळं व्यवस्थित आहे’. शिवतेज परवा जतला गेला होता, येताना तुझ्या बांधावरून गाडी वळवली. तू सांगलीला बँकेत गेली होतीस. दोन एकरांत त्याला हाताच्या बोटांवर मोजावी इतकी रोपं दिसली. बाकी रान तळहातासारखं. त्याने फोटो काढून आणलेत.

ताई, आयुष्यात तू मला नको ते तोंडावर बोललीस, पण खोटं कधी बोलली नव्हतीस. वाईट त्याचं वाटलं.

हार मानण्यात कमीपणा नाही. फौजेत आम्हीही कैक वेळा चौकी सोडून मागे आलो. कागद सह्या करून पाठव. पाडव्याची वाट कशाला बघायची? इथे वरची खोली तुझ्यासाठी मोकळी केली आहे. रेश्मा रोज विचारते.

विश्वजीत


विहिरीवर,
११ सप्टेंबर २०२३

चि. विशू,

हो, खोटं लिहिलं. तुला वाईट वाटलं ते योग्यच आहे. यापुढे लिहिणार नाही. आता सगळं ऐक.

मका मी दोन सऱ्यांमधल्या वरंब्याच्या माथ्यावर लावला होता. का, तर लहानपणापासून आपल्या वरच्या रानात आल्याचं पीक तसंच लावलेलं बघितलं. गादीवाफा उंच, आणि आलं माथ्यावर. तेवढीच शेती माझ्या डोळ्यांनी पाहिलेली. पाऊस आला नाही, म्हणून दोन्ही सऱ्यांतून विहिरीचं पाणी सोडलं. बाराव्या दिवशी निम्मं उगवलं. विसाव्या दिवशी पानांची टोकं जळाली. ऑगस्ट लागला तेव्हा काही उरलं नव्हतं. तुला पत्र लिहिलं ते त्यानंतर आठ दिवसांनी.

त्याच आठवड्यात तानुबाई पदरात काहीतरी गुंडाळून आली. प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद होता. २००९ सालचा, आमच्या प्रयोगशाळेचा. त्यांनी तेव्हा बाटलीत त्यांच्या विहिरीचं पाणी आणून दिलं होतं. खाली शेरा: ‘सिंचनास अयोग्य’. आणि सही माझी.

“ह्या सहीवाल्या बाई तुमीच न्हवं?” तानुबाईने विचारलं. मी हो म्हटलं. “मग चौदा वर्सं आमी त्या हिरीचं पानी मेंढरास्नीच पाजलं. रान पावसावर टाकलं. तुमी ‘न्हाई’ लिवलंसा म्हून. आन आता तुमीच तसलंच पानी मक्याला सोडताय व्हय?”

ती रागावली नव्हती, विशू. हसत होती. मला जमिनीत जावंसं वाटलं. दिवसाला चाळीस बाटल्या यायच्या, एका मर्यादेच्या वर आकडा गेला की मी शिक्का उचलायचे. ‘अयोग्य’. कुठल्या जमिनीला, कुठल्या पिकाला, किती गोड पाणी मिसळलं तर चालेल, हे विचारायला कागदावर रकानाच नव्हता. आणि तसा रकाना घाला, असं मी एकतीस वर्षांत कुणाला म्हटलं नाही. तुझ्या चुकांबद्दल मी मोठ्याने बोलते. ही माझी आहे, हीसुद्धा मोठ्यानेच सांगते.

आता पुढचं. चार तारखेला सकाळी तात्याबाची मेंढरं माझ्या उजाड रानातून चालली होती. खायला काही नव्हतं तरी पुढे जाईनात. रांगेने उभी राहून वरंब्याचे माथे चाटत होती. मी हाकलायला धावले. तानुबाई ओरडली, “राहू द्या बाई! मेंढरं उगं माती चाटत्यात व्हय? मीठ हाय तितं.”

मी गुडघ्यावर बसले. माथ्यावरची माती बोटाने जिभेला लावली. खारट. अर्ध्या उतारावरची लावली. नुसती माती. मग रानभर फिरले. सतरा रोपं जिवंत होती, आणि सतराच्या सतरा उतारावर. पेरताना बी घरंगळून खाली गेलेली. सरळ दोरीच्या बाहेरची.

दोन्ही सऱ्यांतून पाणी वरंब्यात चढतं, माथ्यावर येऊन वाळतं आणि क्षार तिथे ठेवून जातं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला हे मेंढरांनी दाखवलं. आणि मी कोवळ्या रोपांना पहिल्या दिवसापासून खारं पाणी दिलं. तानुबाई म्हणाली, “कोवळ्या करडाला आसं कोन पाजतं?”

पुन्हा पेरणार आहे. उतारावर. परतीच्या पावसाचं पाणी शेततळ्यात धरायचं, पहिली दोन पाणी त्याची द्यायची, मग विहिरीचं. पाडवा अजून लांब आहे. सह्या होणार नाहीत.

एक विचारते. आपल्या खालच्या रानात उसाच्या सरीच्या माथ्यावर कधी पांढरं दिसतं का रे? इतकी वर्षं पाट बंद नाही, जमीन काळी, पाण्याला खाली जायला वाट नाही. मनात आलं म्हणून विचारते.

प्रियदर्शनी


कोरेगाव,
१९ नोव्हेंबर २०२३

ती. ताईस,

उत्तराला उशीर झाला. ऊसतोडीची टोळी आली होती, मग दिवाळी. तुझ्या मेंढरांची गोष्ट रेश्माला वाचून दाखवली, ती फार हसली.

पुन्हा पेरलास हे कळलं. तुझा हट्ट आबांचा आहे. पण ताई, पाडव्यापर्यंत थांबण्यात अर्थ नाही. शिवतेजचं लग्न ठरतंय, त्याआधी कागद साफ झालेले बरे. तुला कोरेगावच्या जमिनीचं करायचं काय आहे? तू इथे कधी राहिलीस? बांध कुठे, मोजणीचे दगड कुठे, तुला माहीत आहेत का?

सही कर आणि मोकळी हो. साडी नेसलीस का?

विश्वजीत


विहिरीवर,
२१ जानेवारी २०२४

चि. विशू,

दोन महिने मी मुद्दाम लिहिलं नाही. तुझं पत्र वाचून इतका संताप आला होता की जे लिहिलं असतं ते पोस्टाने नेलं नसतं. मी इथे गुडघ्यावर बसून माती चाखते, तुला माझी चूक आणि खोटेपणा दोन्ही लिहून कळवते, एक साधा प्रश्न विचारते, आणि त्याचं उत्तरसुद्धा द्यायची तुला गरज वाटत नाही. ऊसवाल्यांना माळावरच्या माणसांशी बोलायला वेळ नसतो, हे मला समजलं.

मोजणीचे दगड मला माहीत नाहीत हे खरं आहे. दाखवले कुणी?

आता मका. ऑक्टोबरच्या सोळा तारखेला पेरला. वरंब्याच्या उतारावर, मध्यावर. दोरी मी धरली नाही. तानुबाईने पायाने अंतर मोजलं. सप्टेंबर अखेरच्या पावसाने तळं गुडघाभर भरलं, तेवढ्यावर उगवण झाली. मग विहिरीचं पाणी. दर तिसरं पाणी दुप्पट सोडते, म्हणजे साठलेले क्षार मुळांच्या खाली जातात. इथली जमीन मुरमाड आहे, पाणी धरून ठेवत नाही. ज्या गोष्टीमुळे लोक तिला भिकार म्हणतात, त्याच गोष्टीवर मका उभा आहे.

माझ्या डोक्याच्या वर गेला. तुरे आले, कणसं धरली. पानांच्या कडा थोड्या करपल्यात, ते लपवत नाही. तात्याबा रोज येऊन बांधावर बसतो. मका बघतो. काल पहिल्यांदा म्हणाला, “औंदा आमी बी दोन एकर धरतो.” तानुबाईने त्याला सुनावलं, “चौदा वर्सं कागूद उशाला घिऊन झोपला, आन आता सुचलं व्हय!” माझ्याकडे बघून दोघंही हसली. मला हसू आलं नाही.

कणसं भरायला लागल्यापासून पोपटांनी उच्छाद मांडला होता. त्यावर उपाय केला. तू विचारलंस ना, साडी नेसलीस का? नेसवली. बुजगावण्याला. मोरपंखी इरकल रानाच्या मधोमध उभी आहे, वाऱ्याने पदर असा उडतो की रस्त्याने जाणारे थांबून बघतात. पोपट घाबरतात. मी घाबरत नाही.

प्रियदर्शनी


कोरेगाव,
१२ फेब्रुवारी २०२४

ती. ताईंना रेश्माचा नमस्कार.

हे पत्र मी लिहिलंय हे ह्यांना कळू देऊ नका. शिवतेजलाही नाही. मी आयुष्यात ह्यांच्या मागे काही केलेलं नाही, हे पहिलंच.

ताई, साडीचं वाचून हे जेवले नाहीत. मला वाटलं राग आला. तसं नव्हतं. दुपारी खालच्या रानात जाऊन बसले ते दिवस कलल्यावर आले.

खालचं रान गेलंय, ताई. सहा वर्षं झाली. आधी कोपऱ्यात पांढरं फुटलं, मग सरीच्या सरी. मागच्या साली ऊस कमरेएवढा आला आणि वाळला. औंदा तोडीला तिथं काही नव्हतंच. हे म्हणतात पाणी सोडून धुऊन काढू. रोज पाट सोडतात. जितकं सोडतात तितकं जास्त पांढरं होतंय. शिवतेज बोलायला गेला तर त्याला म्हणाले, फौजेतून आल्यापासून मीच करतोय, मला शिकवू नकोस.

तुम्ही सप्टेंबरात विचारलंत तेव्हा पत्र हातात धरून हे कितीतरी वेळ बसले होते. मला मेंढरांचं तेवढं वाचून दाखवलं, शेवटचं वाचलं नाही. नंतर मी घडी उघडून वाचलं.

सहीची घाई जमिनीच्या लोभाने नाही. तुमचं नाव लागलं की मोजणी होणार, तुम्ही बांधावर येणार, बघणार. एकदाच माझ्याजवळ म्हणाले, “आबांनी सोन्यासारखं रान दिलं होतं, माझ्या हातात मेलं. ताईला कळता कामा नये. तिच्यापुढं मला लहानपणापासून ढ म्हणतात.”

तुमची माणसं तुम्हाला ठाऊक. मला वाटलं, सांगावं.

मका बघायला यायची लय इच्छा आहे.

तुमची,
रेश्मा


विहिरीवर,
५ मार्च २०२४

चि. विशू, अनेक आशीर्वाद.

मका निघाला. दोन एकरांचा. बागायती रानाशी तुलना केली तर तीन हिश्शांतले दोन हिस्से आला असेल, त्याहून जास्त सांगणार नाही. दाणा टपोरा नाही, पण भरलेला आहे. तात्याबाच्या मळणीची धूळ अजून माझ्या चष्म्यावर आहे. या पत्राबरोबर पाच कणसं आहेत. मोजून घे, शिवतेजला फोटो काढायला सांग. तू हरलास. हे मी एकदाच लिहिते, पुन्हा काढणार नाही.

मागच्या गुरुवारी मी मिरजेहून गाडीत बसले आणि कोरेगावला उतरले. घरी आले नाही. खालच्या रानाच्या बांधावर उभी राहिले. तू लांब पाटावर होतास, पाठमोरा, पाणी सोडत होतास. डोक्याला आबांचा मफलर होता. मी हाक मारली नाही. खाली वाकून माथ्यावरची माती जिभेला लावली आणि परतीच्या गाडीत बसले. तेव्हा लपवायला आता काही उरलेलं नाही, आणि लाजायचंही कारण नाही. चौदा वर्षं शेजाऱ्याचं रान मी एका शिक्क्याने कोरडं ठेवलं. तू फौजेतून आल्यापासून आपलं रान मेहनतीने ओलं ठेवलंस. आपण दोघांनीही विचारलं नाही, इतकंच. आणि तू उत्तर दिलं नाहीस तेव्हा मी त्याला मिजास समजले. ती माझी तिसरी चूक. मोजत असशील तर मोज.

ढ तू कधीच नव्हतास. ढ माणसाला इतका त्रास होत नाही.

आता नीट वाच. उद्या सकाळी पाट बंद कर. तुझ्या रानाला पाणी कमी पडलेलं नाही, जास्त झालंय. खालचं पाणी वर चढतंय आणि वाळताना क्षार ठेवून जातंय. माझ्या रानासारखं दुप्पट पाणी सोडायला जाऊ नकोस, माझा मुरूम आहे, तुझी काळी चिकण जमीन. आधी पाण्याला बाहेर जायला वाट हवी. ओढ्याच्या बाजूला कमरेएवढे खोल चर काढावे लागतील. मग ताग पेरून जमिनीत गाडायचा, कुजलेलं खत घालायचं, तुझ्या बॅगा नाहीत. त्यानंतर मका, उतारावर. दोन-तीन वर्षं लागतील. ऊस विसर. तात्याबाशी बोलले आहे, पुढच्या साली पेरणीआधी तो मेंढरं घेऊन तुझ्याकडे बसेल. जोंधळा तयार ठेव.

सोमवारी, अठरा मार्चला, तलाठ्याकडे जायचं आहे. ठरलं तसं तू पुढे, मी मागे. माझं नाव लागेल. मग मोजणी, आणि दगड तू मला दाखवायचेस. वाटणीत वरचं आल्याचं रान तू ठेव, ते शिवतेजला राहू दे. खालचं पांढरं माझ्या हिश्शाला घाल. मला तेच हवं. दुसरं काही दिलंस तर घेणार नाही. पहिल्या चराची पहिली कुदळ मात्र तू मारायचीस, पाणी तू सोडलंस म्हणून. दुसरी माझी.

त्या दिवशी इरकल नेसून येईन. बुजगावण्यावरून उतरवून धुतली आहे. पदराला पोपटाने एक भोक पाडलंय, ते रफू केलेलं नाही. रेश्माला म्हणावं, इथे ये आणि मेंढरं बघून जा.

आता कागद उलटा कर. ओळखलास? तुझं हक्कसोड पत्र. मागची बाजू कोरी पडली होती आणि माझ्याकडचे लिहायचे कागद संपले होते. पेन्सिलीच्या फुल्या आहेत तशाच आहेत, एकीलाही हात लावलेला नाही. सही या बाजूला करते. राजीखुशीने.

प्रियदर्शनी